उंबरसोंडचा डबा

दुधीभोपळ्याला अंघोळ कशी घालायची, हे तानुअक्का कॅमेऱ्याला दाखवत होत्या. फरशीवर पाय लांब करून बसलेल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत सरकवलेलं आणि दोन नडग्यांच्या मधल्या खोबणीत तो दुधी पालथा.

"पाठीला तेल लावताना हात खालनं वर न्यायचा. आन पानी कोपरानं बघायचं, बोटानं न्हाई. बोटं आपली चुलीपुढं भाजून निबर झालेली असत्यात, त्यास्नी काय कळतंय?"

मी कॅमेऱ्यामागे हसू दाबत उभी होते. अक्कांनी दुधी उताणा केला आणि त्याचं देठ चिमटीत धरून हळूच वर ओढलं.

"नाक असं रोज ओढायचं. न्हाईतर पोर आज्यावर जातं."

"गेलं तर काय बिघडलं?" मी विचारलं.

"आजा नकटा हाय," अक्का म्हणाल्या. मग एकदम पदर सावरत बसल्या. "बाई, ते शेवटचं काढून टाक."

मी काढून टाकलं. बायका लाजतात, तशा लाजल्या असतील असं मला वाटलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा पुण्यातल्या एका संस्थेत पीएचडी करत होते आणि आमच्या प्रयोगासाठी कातवडीत येऊन राहिले होते. धरणाच्या फुगवट्याच्या दोन्ही काठांना गावं, मधे पाणी, वर डोंगर. मोबाइलला रेंज नाही. बाहेरून इंटरनेटची एकच तार आली होती आणि तिचा जीव सुतळीएवढा. एका गावात कुणी सिनेमा लावला की बाकीच्या गावांतल्या शाळांचे धडे अडकून बसायचे. कारण नेहमीच्या इंटरनेटची रीतच तशी आहे. एकच सिनेमा शंभर जणांनी बघितला तर तो लांबच्या एका यंत्राकडून शंभर वेळा आणावा लागतो.

आमचे नाडकर्णी सर म्हणायचे, हे सगळंच मुळातून बदलायला हवं. वस्तू कुठल्या घरात आहे हे विचारायचंच नाही. वस्तूचं नाव घेऊन हाक मारायची आणि ज्याच्याकडे असेल, जो सगळ्यात जवळ असेल, त्याने ती द्यायची. सर हे पुण्यात बसून म्हणायचे. उंटावर बसून शेळ्या हाकायला त्यांना आवडायचं, आणि शेळ्यांमागे काठी घेऊन मी.

प्रत्येक गावाच्या धक्क्यावर आम्ही एकेक डबा बसवला होता. गावात कुणी डब्याला फोन जोडून काही मागितलं की डबा ते शेजारच्या डब्याकडून आणायचा आणि एक प्रत स्वतःकडे ठेवून द्यायचा. पुढच्या माणसाला ती तिथल्या तिथे मिळायची. डब्याला छोटा पडदा होता, त्याच्यावर आत काय काय आहे त्याची नावं सरकत असायची. एक नियम मात्र मीच हट्टाने करून घेतला होता. न मागता कुणाच्या डब्यात काहीही घालायचं नाही. मी बैठकीत त्यासाठी सरांशी भांडलेसुद्धा. कारण लोकांना खरोखर काय हवं असतं, त्याच मोजणीवर माझा प्रबंध उभा राहणार होता. आणि मागणारा कोण, हे डब्याला कळायचं नाही. किती वेळा मागितलं, तेवढंच कळायचं.

अक्कांना मी हे समजावलं होतं विरजणाचं उदाहरण देऊन. विरजण संपलं की आपण शेजारणीकडे मागतो. तिनं ते कुणाकडून आणलं होतं, हे कोण विचारतं?

"आन माझ्याकडं कोन आली हुती मागायला, हे तुला कळतं का?" अक्कांनी विचारलं.

"नाही."

"खरं?"

"खरं, अक्का."

त्याच आठवड्यापासून त्या रेकॉर्डिंगला येऊ लागल्या. पहिल्यांदा अळिवाचे लाडू. मग बाळंतिणीची शेकशेगडी, ओव्याची धुरी, पोट बांधायचं कसं. नंतर ही दुधीची अंघोळ. दर खेपेला जाताना दाराशी थांबून विचारायच्या, "बाई, माझं ते कुनी मागितलं का?" कित्येक दिवस कुणीच मागितलं नाही. मला त्यांची दया यायची. गावोगावच्या बाया आपल्या आईला विचारतील, डब्याला कशाला विचारतील?

ऑफिसच्या भिंतीवर एक मोठा पडदा होता. त्याच्यावर सगळ्या गावांचा नकाशा. एखाद्या रेकॉर्डिंगचं नाव दाबलं की ज्या गावांत त्याची प्रत असेल तिथे दिवा लागायचा. अक्कांचं नाव दाबलं की फक्त कातवडीचा दिवा लागे, कारण ते तयारच तिथे झालं होतं. एके दिवशी दाबलं तर पाण्यापलीकडे, डोंगराच्या कुशीत, आणखी एक दिवा लागला. उंबरसोंड.

अक्का आल्या तेव्हा मी आनंदाने सांगितलं, "अक्का, मागितलं बरं का. एका गावात रोज मागतायत."

त्या तिथेच दारात बसल्या.

"लाडवाचं मागितलं?"

"ते तर सगळ्यात जास्त."

"आन शेकायचं?"

"सगळंच. गाव कुठलं सांगू—"

अक्का उठल्या आणि त्यांनी आपला तळहात माझ्या तोंडावर दाबला. तेलाचा वास येत होता त्याला.

"नाव नको सांगू. मला कळलं तर माझ्या तोंडातनं जाईल. ह्यांनी नुसतं डोळे वटारून बघितलं तरी जाईल."

मग त्यांनी सांगितलं. त्यांची लेक रोहिणी. दुसऱ्या जातीतल्या पोराशी लग्न करून दोन वर्षांपूर्वी घरातून गेलेली. पहिल्यांदा ती दोघं जिथे राहिली तिथे अक्कांच्या नवऱ्याने, बापूंनी, माणसं नेली. जावयाचा पाय तेव्हापासून अधू. तिथूनही ती दोघं निसटली, ती कुठे गेली हे कुणालाच माहीत नव्हतं. फक्त गावोगाव फिरणारी कासारीण एकदा अक्कांच्या हातात बांगड्या भरता भरता पुटपुटली होती, की रोहिणीला दिवस गेलेत. कुठे भेटली ते कासारणीने सांगितलं नाही आणि अक्कांनी विचारलं नाही.

"पैलं बाळंतपन माहेराचं असतं, पोरी," अक्का म्हणाल्या. "तिला माहेर न्हाई. म्हनून म्हटलं, तुझ्या डब्यातनं धाडावं."

आम्ही सर्वांनी मिळून केलेल्या त्या कामाचं इतकं चांगलं कारण मी कुठल्याच कागदात लिहिलं नव्हतं. आणि मग, अक्का गेल्यावर, मी नकाशाकडे बघितलं आणि उठून तो पडदा बंद केला. मागणारा कोण हे आमचा डबा सांगत नव्हता. पण मागणारा कुठे आहे, हे तो दिवा लावून सांगत होता.

दुसऱ्या दिवशी संपत आला. संपत अक्कांचा थोरला मुलगा, फुगवट्यातली एकुलती एक लाँच तोच चालवायचा. कमी बोलणारा, रुंद खांद्यांचा. मी रोज त्याच्या लाँचमधून जायचे आणि तो माझी बॅग न सांगता उचलून घ्यायचा. त्या दिवशी तो खुर्चीवर बसला नाही.

"आईची ती रेकॉर्डिंगं ऐकली मी," तो म्हणाला. "लाडवात गूळ घालू नका, खजूर घाला म्हनतीया. आमच्या आख्ख्या गावात खजुराचा लाडू कोन करत न्हाई, मॅडम. गूळ एकाच माणसाला बाधायचा. आमच्या रोहिणीला. अंगावर गांधी उठायच्या."

मी टेबलावरचे कागद जुळवू लागले.

"कुठल्या गावात बघत्यात हे?"

"सगळीकडेच," मी म्हणाले. विचार करण्याआधीच तोंडातून गेलं.

"सगळीकडं?"

"हो. बायकांना आवडतं."

संपतने भिंतीवरच्या बंद पडद्याकडे बघितलं. "परवा सरपंचांना दावनार हाय म्हनं तुमचे सर. बापूबी येनार हायत. तवा दावा की आईचंबी." आणि तो गेला.

सरांचा तो कार्यक्रम महिनाभर आधी ठरला होता. सगळ्या गावांचे कारभारी, मोठा पडदा, चहा. लोक म्हणतील ते रेकॉर्डिंग दाबून दाखवायचं. पडद्यातून अक्कांचं नाव काढून टाकावं, असं मनात आलं. पण मग ते कुठेच दिसलं नसतं आणि माझं खोटं उघडं पडलं असतं. शिवाय उंबरसोंडच्या डब्यावर नाव सरकतच राहिलं असतं, आणि संपतची लाँच त्या धक्क्याला लागतच होती. रेकॉर्डिंग पुसून टाकलं असतं तर त्या मुलीला बाळाला अंघोळ घालायला कोण शिकवणार होतं? सरांना सांगावं तर सर वाईट नव्हते, पण त्यांच्या पोटात तीळ भिजत नसे.

एकच मार्ग उरला. मी जे खोटं बोलले होते ते खरं करायचं. प्रत्येक गावात ते कुणीतरी मागायला हवं होतं, आणि मागायचं तर त्या गावात जाऊनच मागावं लागायचं. ज्या मोजणीसाठी मी भांडले होते, ती मीच माझ्या हाताने नासवायला निघाले. आणि जायला लाँच होती ती एकट्या संपतची.

"डबे तपासायचेत," सकाळी मी त्याला म्हणाले.

"बसा," तो म्हणाला.

प्रत्येक धक्क्यावर मी उतरले. डब्यापाशी उभी राहून अक्कांचं एकेक रेकॉर्डिंग फोनवर मागितलं. शेजारच्या डब्याकडून ते येईपर्यंत थांबायचं, थोडं चालवायचं, मग पुढचं. देवसरेच्या धक्क्यावर धुणं धुणाऱ्या बायका गोळा झाल्या. "आगं, ही कातवडीची तानी की," एक म्हणाली, आणि भोपळ्याची अंघोळ बघून सगळ्या इतक्या हसल्या की एकीचं लुगडं पाण्यात वाहून जाता जाता राहिलं. त्यांनी आपापल्या फोनवर तेच मागितलं. पुढच्या गावी एका म्हातारीने अक्कांची चूक काढली. म्हणाली, हिला धुरी द्यायची कळत नाही. मला धीर येत गेला. संपत सुकाणूपाशी बसून बिड्या ओढत होता आणि माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता.

उंबरसोंड दिसू लागलं. धक्का ओस होता. वर झाडीत दोन-चार कौलं.

"इथं उतरायचंय?" संपतने विचारलं.

"नको. इथला डबा ठीक आहे."

मी काठाकडे मानही वळवली नाही. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटत होतं. लाँच पुढे गेली, राहिलेली गावं झाली आणि आम्ही परतीला लागलो. भर पाण्यात संपतने इंजिन बंद केलं.

"मॅडम, समद्या गावांत उतरला. उंबरसोंडला न्हाई."

"तिथला डबा ठीक होता म्हणाले ना."

"मग बाकीचे काय बिघडले हुते? एकबी उघडला न्हाई तुम्ही. ताकाला जाऊन भांडं कशापायी लपवायचं?" त्याने बिडी पाण्यात टाकली. "आईचं ते सगळीकडं न्यायचं हुतं तुम्हास्नी. तिथं आधीच हुतं."

जिथे प्रत आहे तिथे पुन्हा मागायची गरज नाही, हे माझ्या हाडीमाशी इतकं खिळलं होतं की मला दुसरं काही सुचलंच नव्हतं. त्या वेळी 'नाही' म्हणायला हवं होतं. मी म्हणाले नाही. माझ्या तोंडावरून त्याला काय ते कळलं.

"तिच्या नवऱ्याचा पाय मोडला," संपत म्हणाला, "तवा त्याला धरून मी ठेवलं हुतं. लाँच काय मी हौसेनं चालवत न्हाई. बापूंनी दिलीया. हरेक धक्क्यावरची मानसं बघत जा म्हनून. दोन वरसं बघतोय. आन मनात म्हनतोय, दिसू नगं, बाये, दिसू नगं."

"मग नका सांगू त्यांना."

"मला त्यांच्याम्होरं खोटं बोलता येत न्हाई. त्यांनी नुसतं 'संपत' म्हटलं की मी समदं ओकतो. ल्हान हुतो तवापासनं. आईला इचारा."

"मग तुम्ही करणार काय?"

लाँच हळूहळू फिरत होती आणि काठ आमच्याभोवती सरकत होता. मला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त त्याची कीव येत होती. एवढा दांडगा माणूस, आणि एका हाकेपुढे त्याचा टिकाव लागत नव्हता.

बऱ्याच वेळाने त्याने इंजिन सुरू केलं. कातवडीच्या धक्क्याला मला उतरवलं, माझी बॅग हातात दिली. पण दोर बांधला नाही.

"सडकेच्या धक्क्याला लावून ठेवतो लाँच. तिथनं एसटी मिळंल. मुंबईत मामाचा पोरगा हमाली करतो, त्याच्याकडं जाईन." जरा थांबला. "बापूंनी इचारलं तर सांगा, काय बोलला न्हाई."

अंगावरच्या कपड्यांनिशी तो गेला. मी धक्क्यावर उभी राहून रडले, आणि का रडते आहे हे विचारायला तिथे कुणी नव्हतं ते बरं झालं.

कार्यक्रमात बापू पहिल्या रांगेत बसले होते. बसकं नाक, पांढऱ्या मिशा, फेटा. पोरगा न सांगता निघून गेल्याचा राग अजून तोंडावर होता. कुणीतरी म्हणालं, तानुअक्कांचं लावा. मी दाबलं आणि नकाशावर सगळी गावं एकदम उजळली.

"बघा," सर भारावून म्हणाले, "एका गावातल्या बाईचं ज्ञान घरोघर!"

बापू नकाशा बराच वेळ न्याहाळत राहिले. मग चहाचा कप खाली ठेवून उठले आणि निघून गेले. नंतर मी सरांना सांगितलं की ती मागणी मी केलेली आहे, मोजणीत धरू नका. का केली ते सांगितलं नाही. सर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत आणि माझा प्रबंध वर्षभर लांबला. याचं मला आजही काही वाटत नाही.

अक्का मात्र आल्या त्या थेट प्रश्न घेऊनच.

"संपत का गेला?"

"त्याला गावाचं नाव कळलं, अक्का."

त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी त्यांना खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. "शाना माझा," एवढंच म्हणाल्या, आणि पदर तोंडात धरून कितीतरी वेळ तशाच राहिल्या. एक लेकरू वाचावं म्हणून दुसरं गेलं होतं आणि दोन्हींसाठी रडायला घरात त्या एकट्याच होत्या.

दिवस गेले. उंबरसोंडच्या डब्यातून लाडवांची मागणी कमी झाली. मग एका सकाळी तिथून अंघोळीचं मागितलं गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी बाळाचं पोट दुखत असेल तर काय करायचं, ते. मी धावतच अक्कांकडे गेले. त्या परड्यात शेण्या थापत होत्या.

"अक्का, तिकडे रोज सकाळी दुधीची अंघोळ मागतायत."

अक्कांचे हात शेणात तसेच राहिले.

"झाली म्हनायची मोकळी," त्या म्हणाल्या. "मुलगा का मुलगी?"

"ते नाही कळत."

"नसू दे." त्या हसल्या, आणि मग त्यांचा चेहरा बदलला. "संपत मामा झाला. त्याला कसं कळावं?"

"आपले डबे मुंबईला नाहीत, अक्का."

"पन कवातरी जातील न्हवं?"

मी हो म्हणाले. त्यांनी हात धुतले, माझ्याबरोबर ऑफिसात आल्या आणि कॅमेऱ्यासमोर बसल्या. या खेपेला काही बरोबर आणलं नव्हतं. दोनच वाक्यं बोलल्या.

"संपत, मामा झालास. पोटाला खात जा."

त्या रेकॉर्डिंगला मी नाव दिलं आणि कातवडीच्या डब्यात ठेवलं. ते मागायला कुणी नव्हतं. संपतपर्यंत आमचा डबा पोचत नव्हता, रोहिणीला ते तिथे आहे हे ठाऊक नव्हतं, आणि अक्कांकडे फोनच नव्हता. त्यांच्या घरात फोन एकच होता, बापूंच्या बंडीच्या खिशात.

आठवड्याने मी मोजणी बघितली. ती दोन वाक्यं कातवडीतूनच मागितली गेली होती. रोज, आणि दिवसातून कितीतरी वेळा. मी घाबरले. अक्कांना जाऊन सांगितलं, की बाळ झाल्याचं घरात कळलंय, आता जपून राहायला हवं.

अक्का चुलीपुढे भाकरी थापत होत्या. त्यांनी दारातून ओसरीकडे बघितलं. बापू खांबाला टेकून, पाठमोरे, फोन कानाशी घट्ट धरून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते.

"मागू दे," अक्का हळू आवाजात म्हणाल्या, आणि भाकरी तव्यावर टाकली.